नवव्या पानावरचा हात

प्रत्येक कच्च्या चित्रात एक चूक मुद्दाम ठेवायची, हा चिमणीचा धंद्याचा नियम होता. घरी तिला सगळे चिमणी म्हणत, कारण पाच मिनिटं एका जागी टेकणं तिला कधी जमलंच नाही. चाळिशी उलटली तरी नाव सुटलं नाही. पुस्तकांची चित्रं आणि डिझाइनची कामं ती घरूनच करायची, आणि गिऱ्हाईक या प्राण्याबद्दल तिचं मत पंधरा वर्षांत पक्कं झालं होतं. काहीतरी सुधारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. चित्र कितीही जमून आलेलं असो, तो आभाळाचा रंग बदलायला लावणार, घर डावीकडे सरकवणार आणि शेवटी चांगल्या चित्राची पार वाट लावणार. म्हणून त्याच्यापुढे आधीच एक ढोबळ चूक टाकून ठेवायची. घड्याळाला तीन काटे, कुत्र्याला पाच पाय. चूक सापडली की स्वारी खूश होते आणि बाकीचं चित्र वाचतं.

नवरा त्या चुकीला बकरा म्हणे. सकाळी तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवताना विचारायचा, "काय, आज कुठला बकरा?"

या वेळचं गिऱ्हाईक होतं लहान मुलांच्या हॉस्पिटलातल्या मुख्य सिस्टर. नव्याने भरती झालेल्या मुलांच्या हातात द्यायला त्यांना सोळा पानांचं पुस्तक हवं होतं. एक मुलगी वॉर्डात येते, घाबरते, हळूहळू रुळते आणि बरी होऊन घरी जाते, एवढीच गोष्ट, लिहिलीही त्यांनीच. नवव्या पानावर ती मुलगी सिस्टरपुढे डावा हात करते. चिमणीनं त्या हाताला सहा बोटं काढली आणि कच्चं पुस्तक पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "सगळं छान झालंय. काही बदलू नका. छापायला द्या."

बोटांबद्दल अवाक्षर नाही. चिमणी उठली, खिडकी उघडली, बंद केली, ब्रश धुतलेले होते ते पुन्हा धुतले.

"बकरा सुटला म्हणायचा," नवरा म्हणाला. "बाईंनी नीट बघितलंच नसेल."

"सहा बोटं दिसत नाहीत? इंजेक्शन कुठे टोचतात मग त्या?"

तिला राग आला होता. पंधरा दिवस मान मोडून काढलेली चित्रं कुणी वरवर चाळावीत, हे तिला झोंबलं. तिनं दोन मिनिटांत एक बोट पुसलं, फाइल छापखान्यात पाठवली आणि विषय संपवला. संपला मात्र नाही. दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखी ती घरभर फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सिस्टरांचाच फोन आला.

"ताई, नवव्या पानाबद्दल बोलायचं होतं. आमच्याकडे एक आठ वर्षांची मुलगी आहे. पाय मोडलाय, महिनाभर तरी राहील. तिच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत. हात कायम पांघरुणाखाली. सुईसाठी मागितला की रडून वॉर्ड डोक्यावर घेते. तिला तुमचं कच्चं पुस्तक दाखवलं, तर म्हणाली, ही मुलगीपण माझ्यासारखा हात लपवते. मला एकेक पान दाखवलंन. इथे खिशात, इथे बाहुलीमागे, इथे चादरीत. आणि नवव्या पानावर सिस्टरला दाखवते! काल संध्याकाळी पोरीनं आपण होऊन हात पुढे केला हो. तुम्हाला हे कसं सुचलं?"

बाकीच्या पानांवर हात लपवले होते, कारण चिमणीला हात काढायचा मनापासून कंटाळा होता. बोटं म्हणजे तिच्या लेखी नुसती कटकट.

"सुचलं असंच," ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच किळस आली.

छापखान्यात फोन कुणी उचलेना. कच्ची प्रत आणि वही पिशवीत कोंबून, पायात मिळतील त्या चपला अडकवून ती निघाली. वीस मिनिटांचा रस्ता तिनं अर्धा चालत, अर्धा पळत काढला. छापखानेवाले काका दारातच कागदाचे गठ्ठे मोजत होते.

"काका, माझं पुस्तक थांबवा! नवव्या पानावर एक बोट कमी आहे."

काकांनी प्लेट उजेडात धरली. "अहो, पाच आहेत की. बरोबर आहेत."

"पाच आहेत तेच तर चुकलंय!"

काकांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. या बाईचं काम घ्यायचं की हिला पाणी द्यायचं, असा त्यांचा चेहरा झाला. "चारपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "पुढे दुसऱ्याचं काम आहे."

सहा बोटांची जुनी फाइल होतीच. तीच द्यायची, मिटलं. तिनं पिशवीतून कच्ची प्रत काढून पान उघडलं आणि बघतच राहिली. कंगव्याच्या दातांसारखी सहा सारखी बोटं, जास्तीचं मधेच कुठेतरी खुपसलेलं. पटकन पकडलं जावं म्हणून काढलेलं. तो कुणाचाच हात नव्हता, आणि खऱ्या हातात ते बोट कुठे असतं हेही तिला माहीत नव्हतं.

तिथेच फुटपाथवर उभं राहून तिनं सिस्टरांना फोन लावला आणि बकऱ्यासकट सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ते बोट तुमच्या हिशेबी चूक होतं."

"हो."

"या तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. आवाजात मघाची माया नव्हती. "तिला काय सांगायचं ते तुमचं तुम्हीच बघा."

मुलगी खिडकीजवळच्या खाटेवर होती. पाय प्लास्टरमध्ये, पुस्तक मांडीवर. अनोळखी बाई दिसताच तिचा डावा हात चादरीखाली गेला.

"ही चित्रं मी काढलीत," चिमणी म्हणाली.

"तुम्ही?" मुलीनं नववं पान उघडलं. "मग इथे तुमचं चुकलंय. सहावं बोट मधे नसतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेणं अगदी सोपं होतं.

"नव्हतं माहीत. मी कधी बघितलंच नव्हतं. लोकांना चूक सापडावी म्हणून मी ते जास्तीचं काढलं होतं. आणि मला हात काढायचा कंटाळा येतो, म्हणून बाकीच्या पानांवर लपवून टाकले."

मुलीनं मागची पानं उलटली. खिसा, बाहुली, चादर. "म्हणजे ती लपवत नव्हती? तुम्ही लपवत होतात?"

"हो. मीच."

चादरीखालचा हात हलेना. आता तो हात परत बाहेर येणार नाही आणि त्याला कारण आपण, अशी भीती चिमणीला वाटली. पहिल्यांदाच तिला उठून फेऱ्या माराव्याशा वाटल्या नाहीत. ती स्टुलावर गच्च बसून राहिली.

"चित्रातल्या मुलीला काही झालं नव्हतंच मग," मुलगी म्हणाली. "तुम्हालाच येत नव्हतं."

"मलाच येत नव्हतं."

चादर सरकली. मुलीनं डावा हात पुस्तकावर ठेवला आणि बोटं फाकवली. "करंगळीच्या बाजूला असतं, बघा. छोटं असतं. जरा वाकडं. घाई नका करू."

चिमणीनं वही काढली. पहिला हात जमला नाही, दुसराही नाही. मुलीनं दोन्ही नापास केले. तिसऱ्याला म्हणाली, "नख राहिलं." चिमणीनं नख काढलं. मुलीनं वही जवळ ओढली, चित्राशेजारी आपला हात ठेवला आणि एकेक बोट लावून पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "आता कसा हात दिसतोय."