ग्लासगोचं भिरभिरं

दिवाकरराव मासे पकडायचे, पण खायचे नाहीत. जुन्या इंदुरातल्या त्यांच्या गल्लीत पकडण्यामुळे अर्धे लोक नाराज होते आणि न खाण्यामुळे उरलेले. बायको अंबिका दोन्हीकडचं ऐकून घ्यायची. दर रविवारी नवरा बिलावली तलावावरून आला की अंगणातल्या नळाखाली अंघोळ झाल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही. मासे परस्पर शेजारच्या दौलतरावांच्या चुलीवर जायचे.

"पाप आपल्याकडे आणि कालवण त्यांच्याकडे. ही कुठली वाटणी हो?"

"अगं, तो खेळ आहे."

"माशाला विचारलंत?"

हा नाद होळकरांच्या शिकारखान्यात कारकुनी करताना लागलेला. पुढे संस्थान गेलं, शिकारखाना गेला, मध्यभारत आलं. नवं सरकार उन्हाळ्यात इंदूरला बसायचं आणि थंडीत ग्वाल्हेरला. हे ज्याने ठरवलं त्याने एकदा ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटे अंघोळ करून दाखवावी, असं अंबिकेचं मत होतं. दिवाकरराव फायलींच्या मागे सहा महिने तिकडे जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मागे अंबिकाही वाट बघत असे आणि बिलावलीही. रविवारी पहिला मान बिलावलीचा.

त्रेपन्न साली परतले आणि पहिल्याच रविवारी त्यांचं विलायती स्पिनर बाभळीच्या शेंड्यात अडकून तुटलं. गावी परत जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने निरोपाला दिलेलं. चीज साधीच: एका तारेवर पितळेचं छोटं पान, खाली तीन टोकांचा गळ. दोरीने ओढलं की पान तारेभोवती गरगर फिरतं, माशाला वाटतं लहानगी मासळी पळाली, तो झडप घालतो आणि फसतो. अंबिकेने ते पहिल्यांदा बघितलं तेव्हाच म्हणाली होती, "स्पिनर कसलं? हे तर भिरभिरं."

दिवाकररावांनी तीन दिवस धड जेवण केलं नाही. चौथ्या दिवशी होळकरशाही तांब्याचा एक पैसा ठोकून ठोकून त्याचं पान केलं. ते पाण्यात टाकल्यावर सरकारी अर्जासारखं तळाशी गेलं आणि पुन्हा त्याची काही वार्ता लागली नाही.

"द्या इकडे," अंबिका म्हणाली.

गल्लीतले सगळे बिघडलेले स्टो तिच्याकडे यायचे. शिकवलं कुणीच नव्हतं. पहिला उघडला तो रागाने, दुसरा उत्सुकतेने, आणि तिसऱ्यापासून लोक उंबऱ्यावर ठेवून जायला लागले. घरात एका मेलेल्या स्टोची पितळी टाकी होती. तिच्यातून तिने पान कापलं, सायकलीच्या आऱ्याची तार केली, वजनाला दौलतरावांच्या जुन्या बंदुकीचे छर्रे, पान अडू नये म्हणून खाली काचेचा मणी. शेपटीला लाल लोकर. ही लोकर ग्वाल्हेरच्या थंडीसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची. त्या स्वेटरची डावी बाही पुढे जन्मभर आखूड राहिली.

सगळं झालं, पण पान फिरेना. न्हाणीघरात घंगाळ भरून ती दोरीने भिरभिरं ओढायची आणि पान तारेला चिकटून रुसल्यासारखं बसायचं. अकरा पानं झाली. सपाट केलं तर पडून राही, चमच्यासारखं खोल केलं तर नुसतं डुले. अकरावं ओढताना ती घंगाळावर इतकी वाकली की मंगळसूत्र पाण्यात पडलं आणि पाण्याच्या ओढीबरोबर त्याची एक वाटी गर्रकन फिरली. अंबिकेने पुन्हा पाणी ढवळलं. वाटी पुन्हा फिरली. ती तशीच ओल्या गळ्याने उठली, मेणबत्तीचं मेण मऊ केलं, त्यात वाटी दाबून खोली उतरवली आणि बारावं पान त्या मापाने ठोकलं.

नवऱ्याच्या आयुष्यासाठी गळ्यात बांधलेली चीज माशाच्या मरणाचं माप झाली, याबद्दल तिला थोडं वाईट वाटायला हवं होतं. पण पान घंगाळात असं फिरत होतं की वाईट वाटायला सवडच झाली नाही.

त्या रविवारी दिवाकररावांनी हाताएवढ्या दोन मरळी पकडल्या. पुढच्या रविवारी तीन. "कमाल आहे तुझी!" ते नळाखालून ओरडले, आणि अंबिकेला ते पुरलं. "मला एकदा तलावात फिरताना बघायचंय ते," ती म्हणाली. "अगं, तिथे बायका येत नाहीत." तिनेही मग ताणलं नाही. आणखी चार भिरभिरी करून दिली.

मेच्या मध्यात एका संध्याकाळी टांगा दारात थांबला. त्यातून नानासाहेब उतरले, मागून सायकलवर दौलतराव. नानासाहेब म्हणजे शिकारखान्याचे जुने अधिकारी. अधिकार गेला, मिशा राहिल्या. तलावावर कोण कुठे बसणार हे अजून तेच ठरवायचे. दौलतराव होळकरी फौजेतले घोडेस्वार, आता परदेशीपुऱ्याकडच्या एका गिरणीत फाटकावर.

अंबिका चहा घेऊन आली तेव्हा नानासाहेबांच्या हातात तिचंच भिरभिरं होतं, दिवाकररावांनी दिलेलं.

"दिवाकर, कंपनीचा पत्ता दे. फार टाळतोयस तू."

"कुठली कंपनी?" अंबिकेने विचारलं.

"मॅकडफी अँड सन्स, ग्लासगो," नानासाहेब म्हणाले. "वहिनी, तुम्हाला यातलं काय कळणार म्हणा, पण हे पान बघा. ही खोली बघा. साठ वर्षं एका जागी बसून घासल्याशिवाय असा हात तयार होत नाही. आपल्याकडे आहे का कोणी असा कारागीर? अजी, राम का नाम लो!"

"सही में," दौलतराव म्हणाले. "गोऱ्याचा हात तो गोऱ्याचाच हात, वहिनीजी."

अंबिकेने नवऱ्याकडे बघितलं. दिवाकरराव छताची पाहणी करत होते. तिला आधी इतकं हसू आलं की बशीत चहा सांडला. पत्ता शोधून देतो असं तिसऱ्यांदा कबूल करवून घेऊन पाहुणे गेले, आणि तोवर तिच्या हसण्याचं दुसरंच काहीतरी झालं होतं.

"कोण हा मॅकडफी?"

"कोणी नाही गं. तोंडात आलं ते बोलून गेलो."

"मग माझं नाव का नाही आलं तोंडात?"

दिवाकरराव खाटेच्या कडेला बसले. "बायकोने स्टोच्या टाकीतून केलंय म्हटलं असतं तर हसले असते. पाण्यात टाकूसुद्धा दिलं नसतं. मग मासे लागत गेले, नानासाहेब स्तुती करत गेले..."

"मॅकडफीची."

"हो."

"आणि तुम्ही मान हलवत गेलात."

"अगं, आता महिना झाला. आता कसं सांगू?"

"तोंडाने," अंबिका म्हणाली. "परवा रविवारी मी येणार. माझ्यासमोर, त्या दोघांसमोर सांगायचं. नाही तर ग्लासगोची कंपनी बंद. एक पान ठोकणार नाही."

दिवाकररावांचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. हा होकार आहे असं ती धरून चालली.

रविवारी सकाळी बिलावलीच्या काठावर सतरंजी पडली. उन्हाळ्याने तलाव निम्मा आत ओढला गेला होता आणि चिखलाला भेगा पडल्या होत्या. बाईमाणूस बघून नानासाहेब जरा अडखळले, पण पोह्यांचा डबा बघून सावरले. अंबिका बाभळीच्या सावलीत बसून नवऱ्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवून होती.

"पोहे झाल्यावर सांगतो," दिवाकरराव कुजबुजले. पोहे झाले. "पहिली मरळ लागू दे, मूड येईल त्यांना." मरळ लागली, दौलतरावांना. मूड आला. दिवाकरराव खाकरले आणि म्हणाले, "यंदा पाणी फारच खाली गेलंय, नाही?"

अंबिकेने कपाळाला हात लावला. नवरा वाईट नव्हता. तिला तो आवडायचाही, फार. पण काही माणसं सत्य बोलायला निघतात आणि वाटेत हवापाण्यावर उतरून पडतात, त्यातला.

तेवढ्यात नानासाहेबांची दोरी पाण्यातल्या बुंध्याला अडकली. त्यांनी ओढली, शिव्या दिल्या, परत ओढली, आणि दोरी रिकामी वर आली. नानासाहेब मटकन सतरंजीवर बसले.

"गेलं. शेवटचं होतं माझं. आता ग्लासगोहून येईपर्यंत पावसाळा संपेल."

"दुसरं करून देते की," अंबिका म्हणाली.

तिने ठरवून म्हटलं नव्हतं. कुणी स्टो बंद पडला म्हटलं की जसं म्हणायची तसं निघून गेलं. नानासाहेब आधी हसले. मग दिवाकररावांचा चेहरा बघून हसायचे थांबले.

"वहिनी काय म्हणतायत, दिवाकर?"

"ती... म्हणजे तिला हौस आहे," दिवाकरराव म्हणाले.

हौस! अंबिकेच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "ही सगळी भिरभिरी मी केलीत. मॅकडफी नावाचं कोणी नाही. असलाच तर त्याला हे येत नाही."

"वहिनी, मी महिनाभर सगळ्या इंदुराला सांगत फिरतोय," नानासाहेब अगदी सौम्यपणे म्हणाले, म्हणजे चांगलेच चिडले होते. "मला पितळ कळतं. हे बाईच्या हातचं काम नाही. असेल तर करा. इथे, माझ्यासमोर."

"पत्रा द्या."

नानासाहेबांनी खिशातून पितळी चुनाळं काढून तिच्यापुढे ठेवलं. पान खाणाऱ्या माणसाने चुन्याची डबी देणं म्हणजे तलवार देण्यासारखंच. ती माघार घेईल असं त्यांना वाटत असावं, हे अंबिकेच्या लक्षात आलं. तिने झाकण मुरगळून वेगळं केलं आणि पिशवीतून कात्री, पक्कड आणि कानस काढली. ही तिन्ही ती लग्नाकार्यालाही बरोबर न्यायची.

"दौलतराव, सायकलीचा एक आरा."

"वहिनीजी, नवी सायकल आहे..."

"एकाने काय होतंय?"

आरा निघाला. झाकणाचं पान कापून झालं. अंबिकेने खडकातला एक खळगा शोधला, त्यात पान ठेवून गोट्याने टकटक ठोकायला घेतलं. मधेच थांबून तिने पदराआडून मंगळसूत्र ओढलं आणि त्याची वाटी पानाच्या पोटात बसवून बघितली. नानासाहेब आणि दौलतराव एकदम तलावाकडे तोंड करून बसले. दिवाकरराव मात्र बघत राहिले. हे माप त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पान जमलं, भोक पडलं. आता तार वळवायची होती, आणि त्याला दोन हात पुरत नाहीत. अंबिकेने मान वर न करता आऱ्याचं टोक हवेत धरलं. घरी धरायची तसंच.

दिवाकरराव उठून आले. धोतराच्या सोग्यात ते टोक पकडून बसले. तिने पक्कड आवळली, त्यांनी अर्धा फेरा दिला, थांबले. तिने पक्कड सरकवली, त्यांनी पुन्हा अर्धा. पाचव्या फेऱ्याला ते आपणहून थांबले, कारण तिथे मणी येतो.

नानासाहेब आता वळून हे सगळं बघत होते. "दिवाकर, तुला बरं माहीत कुठे थांबायचं."

दिवाकररावांनी टोक सोडलं नाही. "रोज धरतो ना, साहेब."

"तोंडाने," अंबिका हळूच म्हणाली.

दिवाकरराव नानासाहेबांकडे वळले. "मी खोटं बोललो, नानासाहेब. हे सगळं अंबिकेचं आहे. पहिल्यापासून. मला तर तो तांब्याचा पैसासुद्धा वळवता आला नाही. लाज तिच्या कामाची नव्हती वाटत. माझ्या बिनकामाची वाटत होती."

दौलतराव आपल्या आरा काढलेल्या चाकाकडे बघत म्हणाले, "दिवाकर भिया, हे आधी सांगायला काय झालं होतं यार? आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला?"

अंबिकेने नवऱ्याच्या डबीतले मणी, छर्रे आणि गळ लावले आणि पदराच्या लाल काठातून चार दोरे उपसून शेपटी बांधली. तिचे डोळे चुरचुरत होते, चुन्याने किंवा कशाने. नानासाहेबांनी हात पुढे केला.

"आणा. बघू."

"आधी मी," अंबिका म्हणाली.

दिवाकररावांनी आपली काठी तिच्या हातात दिली, रीळ कसं धरायचं ते दाखवलं आणि शहाणपणाने चार पावलं मागे सरले. पहिली फेक दौलतरावांच्या कानाजवळून सूं करत मागच्या झुडपात गेली. दुसरी पायाशी चिखलात. तिसरी मात्र तलावात पडली, फार लांब नाही, पण पाण्यात.

ती रीळ फिरवायला लागली. आधी काहीच नाही. मग दोरीतून, काठीतून, पार कोपरापर्यंत एक बारीक थरथर आली आणि येतच राहिली. घंगाळात ती वीतभर दोरीवर होती. इथे सगळ्या तलावातून येत होती.

"अहो!" ती ओरडली. "अहो, फिरतंय!"

"मासा आहे?" नानासाहेब धडपडत उठले.

"मासा कशाला हवाय? फिरतंय!"

ऊन चढलं. मासा एकही लागला नाही आणि अंबिकेने काठीही सोडली नाही. तिघे पुरुष सतरंजीवर ओळीने बसून होते. बराच वेळ मिशा ओढून झाल्यावर नानासाहेबांनी उरलेलं चुनाळं हातात घेऊन उलटसुलट केलं.

"वहिनी, याच्यातून दोन निघतील का?"

"तीन निघतील. पण उद्या कुणी विचारलं कुणाची, तर काय सांगाल?"

नानासाहेबांनी घसा साफ केला. साठ वर्षं घासणाऱ्या त्या कारागिराला मनातून निरोप द्यायला त्यांना जरा वेळ लागला.

"अंबिकाबाईंची," ते म्हणाले. "जुन्या इंदूरच्या."

"मग ठेवा तिथे पिशवीत," अंबिका म्हणाली, आणि तिने पुन्हा काठी मागे नेली. तिघेही एकदम सतरंजीवर आडवे झाले.