खोक्यावरचं नाव

मित्रांनो, कपाटावर धूळ खात बसलेला तो ठोकळा दिसतोय ना, तो मी. दोन चकत्यांचा जुना टेपरेकॉर्डर. एके काळी मी इतका जड होतो, की मला वर चढवताना दोन हमालांचं भांडण जुंपलं आणि जिन्याची तिसरी पायरी अजून माझ्या नावाने कुरकुरते. खोटं वाटत असेल तर पायरीला विचारा.

माझी जागा एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत होती. लॉन्ड्री भावाबहिणीची. थोरला भाऊ संध्याकाळी बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायचा. धाकटी बहीण दिवसभर इस्त्री करायची आणि इस्त्रीच्या तालावर गुणगुणायची. त्या घरात एक रीत होती. माझं बटण जो दाबेल, त्याने टेपच्या खोक्यावर आपलं नाव लिहायचं. टेप गुंतली तर कुणाचा कान धरायचा, ते कळावं म्हणून!

एका दुपारी बहिणीला सुट्टी लागल्याचं गाणं सुचलं. 'कुलूप शाळेला, पाय वाटेला...' हातात तापलेली इस्त्री. ती ओरडली, "दादा, बटण दाब, नाहीतर विसरेन मी!"

दादाने दाबलं. ती तीनदा अडखळली, दोन ओळी टाकून दिल्या, चौथ्यांदा गाणं पुरं झालं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाची कॉलर करपली. खोक्यावर रीतीप्रमाणे नाव पडलं ते दादाचं.

दादा ती टेप रेकॉर्ड कंपनीत घेऊन गेला. बँडने गाणं वाजवलं, अकॉर्डियनवर दादाच होता, आणि काय वाजवलं त्याने! पण तिथल्या कारकुनाने खोक्यावरचं नाव वाचलं आणि गीत, संगीत, दोन्हींपुढे तेच छापून टाकलं.

"दादा, हे चुकलंय रे," बहीण म्हणाली.

"पुढच्या खेपेला बदलून घेऊ गं. पळून जातंय का गाणं?"

गाणं मात्र पळालं, गावोगाव पळालं. सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रत्येक शाळेत तेच. कावळेसुद्धा त्याच चालीत ओरडायचे, असं मी ऐकून आहे. भावाला लोक 'सुट्टीवाले दादा' म्हणू लागले. रेकॉर्डच्या खेपा आल्या नि गेल्या. नाव तेच राहिलं.

आता जे सांगतो, ते सांगताना माझी चकती जड होते. एक दिवस दादाने दार लोटून घेतलं, ती टेप माझ्यावर चढवली आणि माईक न जोडताच रेकॉर्डचं बटण दाबलं. नवं लिहिण्याआधी जुनं पुसायचं, ही माझी घडणच. नवं तर काहीच नव्हतं. बहिणीचा आवाज मी माझ्याच हाताने पुसला, मित्रांनो. यंत्राला 'नाही' म्हणता येत नाही.

गाण्याच्या तिसाव्या वर्षी त्याची नवी रेकॉर्ड निघायची ठरली. बहिणीला आता चष्मा लागला होता. तिने संगीतकारांच्या संघाला पत्र लिहिलं : या वेळी माझं नाव लागू दे. दादाने संघाला सांगितलं, "ती नुसती गुणगुणायची. चाल माझी."

संघाच्या अध्यक्षीणबाईंनी दोघांना बोलावलं. बहिणीने ती टेप आणि मला हातगाडीवर घालून सोबत नेलं. "यात सगळं आहे बाई. माझं अडखळणंसुद्धा," ती म्हणाली.

टेप फिरू लागली. नुसती खरखर. एक मिनिट, दोन मिनिटं. संघाच्या मेकॅनिकने माझ्या पाठीत दोन थापट्या घातल्या. "खटारा आहे हा. यानेच खाल्लं असेल गाणं. भंगारात द्या."

बहिणीने माझ्या झाकणावर हात ठेवला. "त्याला नावं ठेवू नका हो. कधी दगा नाही दिला त्याने. दादा, तू तरी सांग यांना!"

खरखर चालूच होती. दादाने मेकॅनिकचा हात माझ्या पाठीवरून बाजूला केला.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "मी पुसलंय. गाणं हिचं आहे, शब्द न् शब्द."

अध्यक्षीणबाईंनी मला बंद केलं. त्या दिवशी बहीण घरी एकटी चालत गेली, आणि पुढचे दोन महिने तिची इस्त्री फिरत होती, पण गुणगुणणं नव्हतं.

मग नवी रेकॉर्ड आली. गीत आणि संगीत, दोन्हींपुढे बहिणीचं नाव. तिने ते बोटाने तीनदा वाचलं. मग मागची बाजू पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अकॉर्डियन कुणी वाजवलंय, ते कुठेच नाही." तिने इस्त्री उभी केली, कागद ओढला आणि संघाला दुसरं पत्र लिहायला घेतलं. दादा दारात उभा होता. "राहू दे गं," तो पुटपुटला.

"का राहू दे? वाजवलंयस ना तू? मग तुझं नाव लागायलाच हवं."

मित्रांनो, माझी धूळ पुसा न पुसा, माझी तक्रार नाही. पण गाणं ओठांवर आलं, की ते कुणाचं आहे एवढं विचारा. आणि ज्याने ते घडवलं त्याचं नाव त्याच दिवशी लिहा. पुढच्या खेपेवर ढकलू नका.