कुरूप माणसाचं गाव

ग्रदानोवो म्हणजे ग्रदानचं गाव, आणि ग्रदान म्हणजे कुरूप. हे नाव बदलून लेपोवो, म्हणजे सुंदरगाव, करायचा ठराव घेऊन तालुक्याचा जो साहेब आला, तो स्तोयनाबाईचाच मुलगा. शहरात तो स्वतःला गोरान म्हणवून घ्यायचा. घरात जन्मापासून तो ग्रदानच होता. हा गोरान कोण, ते आईला ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं.

नवी पाटी त्याने आधीच रंगवून आणली होती. गावाला असं गृहीत धरलेलं पाहून स्तोयनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सभेला सगळं गाव आलं. "कुरूपगावात सुट्टीला कोण येणार?" साहेब म्हणाले. "लोक हसतात आपल्याला."

"हसू देत की," म्हातारा वुकोमान म्हणाला. "कुणाचे किती दात उरलेत ते तरी कळेल."

"पण असलं नाव ठेवलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण ज्याचं नाव ग्रदान, त्याच्यासमोर ते सांगायचं नाही अशी गावाची रीत. मरणाच्या कानावर जायला नको.

स्तोयनाबाई उठली. "पहिल्या ग्रदानच्या आईने ठेवलं. तिची पोरं जगत नव्हती. याला कुरूप म्हटलं की मरण तोंड फिरवेल, असं तिला वाटलं. तो जगला, त्याने रान तोडून इथे पहिलं घर बांधलं. तेव्हापासून ज्या बाईची पोरं जातात, ती पुढच्याला त्याचं नाव देते."

"आई, या जुन्या समजुती…"

"साहेब, मी बोलतेय. तुझ्याआधी दोघं झाले. स्वेतोलिक आणि ल्युबिसाव. हौसेने सुंदर नावं ठेवली होती मी. वर टेकडीवर थडग्यांच्या दगडांवर आहेत, वाचून ये. चाळिशी ओलांडलीस, म्हणून आज तुला सांगते. लाज वाटत असेल तर तुझी तुला. मला या नावाने एक पोरगा दिलाय. ते मी पुसू देणार नाही."

साहेबांनी ठराव मताला टाकला. बाजूने एकही हात वर गेला नाही. त्यांचा स्वतःचाही नाही.

बाहेर तो पाटी गाडीत ठेवू लागला, तशी स्तोयनाबाईने काठी आडवी घातली.

"ती राहू दे. खुराड्याचं दार मोडलंय. कोंबड्यांना चालेल सुंदरगाव. जा, हातोडी आण, ग्रदान."

"आणतो, आई," तो म्हणाला.