ह्यांचा वास

मास्तरांनी बायकोच्या स्वेटरचं पहिलं बटण काजात घालायला घेतलं, तोच तिने त्यांच्या हातावर फटका मारला.

"हात काढा. कोण तुम्ही?"

"अगं, मी. तुझा नवरा."

तिने मान पुढे करून त्यांच्या शर्टाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"थापा मारू नका. आमच्या ह्यांच्या अंगाला सिगारेटचा वास येतो. दारातून कळतं."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. जन्मभर शिंपीकाम करून दुनियेची बटणं लावली, आणि घरच्या बाईचं एक बटण लावायची चोरी!

सिगारेट सोडून चार वर्षं झाली होती. त्याआधी दर कॉलरमागे एक, असा त्यांचा शिरस्ता होता. कॉलर उलटली, इस्त्री फिरवली, की काडी ओढायची. ती शेजारी बसून काजं करायची, खोकायची आणि म्हणायची, "सोडा हो आता." मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "उद्यापासून." मग पासष्टीत ते गिऱ्हाइकांची मापं विसरायला लागले. डॉक्टरांनी दम भरला, "या वयात सोडलीत तरी मेंदूला फायदा होतो." झालं! बायकोच्या चाळीस वर्षांच्या खोकल्याने जे सुचलं नाही, ते शहाणपण स्वतःवर बेतल्यावर एका दिवसात सुचलं. मास्तरांनी पाकीट गटारात फेकलं, पडदे धुतले, जुने शर्ट देऊन टाकले. घरात वासाचा मागमूस ठेवला नाही.

फायदाही झाला. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पाठ थोपटली.

"डोकं तल्लख आहे, मास्तर."

शेजारच्या खुर्चीवर बायको पर्सची चेन उघडझाप करत बसली होती. जन्मात सिगारेटला हात न लावलेली बाई. तिला आज वार कोणता, तेही सांगता आलं नव्हतं. मास्तरांना मात्र सगळं आठवत होतं, तिचा खोकला आणि आपला एकेक उद्या. जळो मेली ती तल्लख बुद्धी, असं त्यांना तिथेच वाटलं होतं.

"थंडी वाजते," बायको म्हणाली. उघडा स्वेटर तिने दोन्ही हातांनी गच्च धरला होता. "ह्यांना बोलवा ना. ते लावतील."

"बोलावतो," मास्तर म्हणाले आणि बाहेरून कडी लावून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

"काय मास्तर, पुन्हा सुरू का?" दुकानदाराने पाकीट देताना डोळा मारला. मास्तर पैसे ठेवून निघाले.

घराच्या पायरीवर त्यांनी काडी ओढली. पहिल्याच झुरक्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. उरलेला धूर त्यांनी शर्टाच्या बाह्यांवर सोडला, कॉलरवर सोडला, थोटूक विझवलं आणि आत आले.

बायकोने मान वर केली.

"आलात? इतका वेळ कुठे होता?"

तिने आपण होऊन स्वेटर पुढे केला. मास्तर गुडघ्यांवर बसले. एकेक बटण लागत गेलं. ती खोकली.

"सोडा हो आता."

मास्तरांनी शेवटचं बटण काजातून ओढलं. मान वर करायची हिंमत होईना.

"उद्यापासून," ते म्हणाले.

बायको खुदकन हसली. त्यांच्या विरळ केसांवरून तिने हात फिरवला.

"हां," ती म्हणाली, "तुम्हीच ते."