जखमेला वास नाही

साबणाच्या वडीवर कोरलेली अक्षरं अजून धारदार होती, अंगठ्याला लागत होती. तिने वडी नाकाशी धरली, मग नाकाला टेकवलीच — थंड, गुळगुळीत, बस्स. वेष्टनावर फूल छापलं होतं, म्हणजे फुलाचा वास असणार... एकविसावा दिवस. ताप चार दिवसांत गेला, खोकला आठवडाभराने, आणि जाताना दोघांनी मिळून नाकातोंडातलं सगळं धुऊन नेलं. चहा म्हणजे नुसतं गरम. केळं म्हणजे नुसतं मऊ. साथीचा ताप आहे, हळूहळू येईल सगळं परत, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तिने मान डोलावली होती, जणू तिला ते परत हवंच होतं.

नाक गेल्याचं डॉक्टरांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात सांगायचं कारण नव्हतं. तिथलं काम डोळ्यांचं आणि बोटांचं — काड्या गरम करून वाकवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे बसवायच्या, टोचत नाही ना म्हणून विचारायचं. वीस वर्षं लोकांचे श्वास वीतभर अंतरावरून सोसले, आता ते नुसते ऊबदार लागत होते, एवढंच. पण घरी बाबांना सांगायला हवं होतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू.

बाबांनी शाळेत पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. बाटलीला नाक लावायचं नाही, हाताने वारा घालून वास आपल्याकडे आणायचा — हे त्यांनी तिलाही शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरवर, ती सात वर्षांची असताना. आता अर्धांगाने त्यांची डावी बाजू नेली होती आणि साखरेने दोन्ही पावलांची जाणीव. दोन वर्षं ते पलंगावर होते, आणि दोन वर्षं त्यांच्या खोलीला एक वास होता. लघवीचा, औषधांचा, नीट न वाळलेल्या चादरींचा, आणि या सगळ्यांच्या खाली आणखी एक, गोडसर, नाव नसलेला, जो तिच्या केसांत बसून दुकानापर्यंत यायचा. ती दाराबाहेर छाती भरून घ्यायची आणि मग आत शिरायची. एका श्वासात डायपर, दोन श्वासांत चादर, की बाहेर. पाठ फिरवून. बाबा काही म्हणत असले तर "आलेच हं" म्हणायची, आणि ते 'आलेच' कधी दुपारी यायचं, कधी दुसऱ्या दिवशी. त्यांना कळत नाही, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगतो.

तिच्या आजारात दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, आठ दिवस एक बाई लावून दिली. नवव्या दिवशी ती परत त्या खोलीत गेली, सवयीने छाती भरून, आणि चादरीचं टोक खोचता खोचता श्वास सुटला... काहीच झालं नाही. खोली चित्रातल्या खोलीसारखी होती. ती पलंगाच्या कडेवर बसली — किती महिन्यांनी! त्यांची दाढी केली, नखं काढली. एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून चष्मा हरवल्याची तक्रार घेऊन दुकानात आले होते, ते सांगितलं. बाबा अर्ध्या तोंडाने हसले. मग ती जेवणाचं ताटही तिथेच आणायला लागली. चव नव्हतीच, कुठेही बसून जेवलं तरी सारखंच.

पाच-सहा दिवसांनी, ती पाणी पाजत असताना, बाबांनी उजव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"हल्ली तू श्वास रोखत नाहीस."

म्हणजे कळत होतं. दोन वर्षं, दिवसातून चार वेळा, ती छाती फुगवून आत येताना, लालबुंद होऊन बाहेर पळताना... ते बघत होते, आणि आपणच आपल्या शरीराबद्दल लाजत पडून होते. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सवय झाली, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मनगट सोडलं नाही. डोळे भरले होते त्यांचे. आणि मी — मी हात तसाच राहू दिला. चोरीचा दागिना अंगावर मिरवावा तशी बसून राहिले त्यांच्यापाशी, आणि खरं सांगायचं तर मला छान वाटत होतं.

त्यांच्या उजव्या टाचेला जखम होती. पट्टी ती रोज बदलायची. दर आठवड्याला सिस्टर येऊन बघून जायच्या. गेल्या आठवड्यात सिस्टरच तापाने पडल्या, म्हणून त्यांनी फोनवर विचारलं — लाली आहे का, पाणी सुटतंय का. थोडं ओलं आहे, ती म्हणाली. आणि वास?

"नाही."

तेवढंच. खोटं नव्हतं ते. शपथेवर सांगितलं असतं. 'वास नाही' आणि 'मला वास येत नाही' — दोनच शब्दांचा फरक, आणि ते दोन शब्द जिभेवर येऊन परत फिरले, कारण फोन बाबांच्या खोलीत होता आणि बाबा ऐकत होते. एवढ्यासाठी. त्यांच्या नजरेतून उतरायला नको म्हणून... नाही, हेही गोड करून सांगणं झालं. मला त्यांच्या नजरेत असायचं होतं. पंचेचाळिशीच्या बाईला.

आज सिस्टर आल्या त्या दारातच थांबल्या. त्यांनी आधी खिडकी उघडली, मग हातमोजे चढवले, पट्टी सोडवली. तिने रोज पाहिलेलीच जखम होती ती — रोज पाहिलेली म्हणूनच न दिसलेली. कडेची काळपट रेघ काल होती, परवाही होती, आणि ती सावली समजून पुढे गेली होती. सिस्टरांनी कडेला बोट दाबलं. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. पाऊल दुसऱ्या कुणाचं असावं तसे ते छताकडे बघत होते.

आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं, सिस्टर म्हणाल्या. टाच राहील की नाही ते डॉक्टर सांगतील. मग तिच्याकडे वळून, आवाज न चढवता —

"चार दिवस तरी हा वास येत असणार. घरात राहून तुम्हाला कळलं कसं नाही?"

ती सुटलेली पट्टी गुंडाळायला लागली. सिस्टर गाडी बोलवायला फोन घेऊन बाहेर गेल्या. जिन्यातून त्यांचा पत्ता सांगण्याचा आवाज येत होता, दुसरा मजला, लिफ्ट नाही, स्ट्रेचर लागेल.

"त्यांचं मनावर घेऊ नकोस," बाबा म्हणाले. शब्द जोडायला त्यांना वेळ लागायचा. "मला येत होता वास. चार दिवस नाही, आठ दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुलाही येतोय. तरी बसतेस, इथेच जेवतेस. सांगितलं असतं तर उठून गेली असतीस."

ती उभीच राहिली. आता सांगता येत होतं — ताप, नाक, एकवीस दिवस — आणि सांगताच सिस्टर, दादा, डॉक्टर, सगळे म्हणाले असते, अरेरे, तिचा काय दोष. सुटका एका वाक्यावर होती. पण त्या वाक्यासरशी बाबांचे हे दिवस गेले असते. त्यांच्याजवळ बसलेली मुलगी गेली असती आणि उरलं असतं नुसतं बिघडलेलं नाक. आणि न सांगावं तर... तर सडका वास घेत, समजून उमजून गप्प बसलेली मुलगी. कुठली ठेवायची त्यांच्यापाशी? आणि नाक धड असतं तर मी बसले असते का? एक दिवस तरी? उत्तर तिला माहीत होतं आणि तिला ते कुणी विचारलेलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली.

"हं?"

ती पायथ्याशी बसली, दोन्ही हातांनी त्यांचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं, वाकली आणि श्वास घेतला — खोल, छाती दुखेपर्यंत, मग पुन्हा. नुसती थंड हवा आत जात होती, घशापर्यंत, फुप्फुसांपर्यंत, रिकामी. तिला तो वास हवा होता. तो ओकारी आणणारा, केसांत बसणारा, सगळा. तहान लागावी तसा हवा होता, आणि कशासाठी, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. खाली गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला. बाबा उशीवरून मान उचलून तिच्याकडे बघत होते. ती पुन्हा वाकली.