ऑगस्टमधला वाढदिवस

ऊर्मिला सरपोतदारच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळींत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुपित सांगायचंच असेल तर लोक तिच्या नवऱ्याला सांगत. देवदत्तला गाड्यांच्या गिअरबॉक्सपलीकडे काही ऐकूच येत नसे.

बाई जर्मन मात्र फर्मास शिकवायची. सव्वीस वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून नवऱ्यामागे आली, दोन वर्षं रडली, मग पदर खोचून भाषा शिकली आणि आता तीच लोकांना शिकवत होती. म्हणूनच २०१५च्या वसंतात शेजारच्या इंगेने आपला नवरा तिच्या हवाली केला.

"हा डेल," इंगे म्हणाली. "वय एकाहत्तर. याला सहा महिन्यांत जर्मन यायला हवं, नाहीतर घरात बसून हा मला वेड लावेल."

डेल हॅरिगन म्हणजे साडेसहा फुटी दांडगा अमेरिकन. ऐन विशीत सैनिक म्हणून जर्मनीत आला होता, तेव्हा इंगेच्या प्रेमात पडून तिला थेट नेब्रास्काला घेऊन गेला. तिथे आयुष्यभर कॉलेजच्या पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवला. म्हणजे तो अंड्याच्या आकाराचा चेंडू, डोक्याला हेल्मेट आणि अंगावर धावून येणारी माणसं असतात ना, तो. तीन कॉलेजं, अकरा घरं, एकेचाळीस सीझन. दर वेळी नवी नोकरी त्याची आणि खोकी बांधायची इंगेने. तो रिटायर झाला त्या दिवशी ती म्हणाली, "झालं तुझं? आता माझं गाव." आणि दोघं इथे आली.

इथे त्याचं काय व्हायचं? पहिला महिना त्याने बागेतलं गवत कापलं. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांचं. मग गावातल्या क्लबात नऊ-दहा वर्षांची पोरं तोच खेळ खेळतात, असं त्याला कळलं आणि गडी मोहरला. पण क्लबचा नियम कडक: ट्रेनरचं लायसन्स नसेल त्याला मैदानावर पाय ठेवता येणार नाही. लायसन्सची परीक्षा जर्मनमधून, आणि नवशिक्यांबरोबर बसून द्यायची.

"माझ्या हाताखालची चौदा पोरं आज स्वतः कोच आहेत," तो पहिल्या तासाला ऊर्मिलाला म्हणाला.

"असतील, असतील. पण तुमचं क्रियापद अजून चुकतंय," ती म्हणाली.

दर मंगळवारी ती त्याच्याकडून प्रश्न घोटून घेई. "कोच, एक मुलगा संघात निवड झाली नाही म्हणून रडतोय. काय कराल?"

"मैदानाला चार फेऱ्या मारायला लावीन."

"नापास! त्याच्याशेजारी खाली बसायचं आणि विचारायचं, तुला कसं वाटतंय?"

"कसं वाटणार? रडतोय ना तो!" कोच वैतागे. पण वहीत लिहून घेई. पोरं सराव करत तेव्हा तो कुंपणाबाहेर उभा राहून बघे, आणि परत येताना त्याचा चेहरा बघवत नसे. ऊर्मिलाला त्याचं फार वाईट वाटे. याला पास करायचंच, असं तिने मनाशी पक्कं केलं.

ऑगस्टमध्ये परीक्षेचं पत्र आलं. तिने मोठ्याने वाचलं: मुलांना प्रत्यक्ष शिकवून दाखवायची परीक्षा, शनिवार, दहा ऑक्टोबर. त्यानंतरची संधी थेट पुढच्या वर्षी.

ऊर्मिलाने पत्र खाली ठेवलं. "अहो कोच, दहा ऑक्टोबर म्हणजे इंगेचा सत्तरावा वाढदिवस!"

सत्तरावा म्हणजे काय, हे जर्मनीत राहिलेल्याला सांगायला नको. पन्नास, साठ, सत्तर असे शून्याचे वाढदिवस इथे लग्नासारखे होतात. इंगेने इथे आल्याबरोबर हॉल ठरवला होता. सकाळी अकराला साठ माणसं यायची होती.

कोच मात्र निवांत. "मग काय झालं? येत्या रविवारी केक आणतो. दर वर्षी असंच करतो मी. सप्टेंबर ते डिसेंबर सीझन, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसायची. म्हणून तिचा वाढदिवस ऑगस्टमध्येच उरकायचा. एकेचाळीस वर्षांत एकदाही विसरलो नाही!" त्याने छाती पुढे काढली.

ऊर्मिलाचं डोकं सणकलं.

"अहो, काय माणूस आहात की कोण! जर्मन बाईला आधी शुभेच्छा? इथे तो अपशकुन मानतात, अपशकुन! नंतर महिनाभराने दिल्या तरी चालतात, पण आधी एक तासही नाही. मी नवी होते तेव्हा घरमालकिणीला दोन दिवस आधी कार्ड दिलं होतं. तिने ते विंचू असल्यासारखं दोन बोटांत धरून परत केलं. आणि तुम्ही दोन-दोन महिने आधी? एकेचाळीस वर्षं?"

"ती कधी काही बोलली नाही," कोच हळूच म्हणाला.

"बोलणार कधी? तुम्हाला फुरसत होती का?"

आपण जास्त बोललो, हे तिला लगेच कळलं. पण सुटलेला शब्द काही परत घेता येत नाही.  कोच वही मिटून निघून गेला.

पुढच्या मंगळवारी तो वेळेवर हजर. सराव सुरू. ना वाढदिवसाचं नाव, ना केकचं.

"काय ठरवलंत?" तिने विचारलंच.

"मॅचच्या आधी डावपेच कुणाला सांगत नसतात," तो म्हणाला. "आणि तुम्हाला तर मुळीच नाही."

सप्टेंबरमध्ये इंगेचा फोन आला, आवाज अगदी पडलेला. "ऊर्मिला, या ऑगस्टमध्ये त्याने केक आणला नाही. पहिल्यांदाच विसरला. परीक्षेचं पत्र फ्रिजवर लावलंय, तारीख मला दिसतेय. दर वर्षी तो केक खाताना मला अपशकुनाची भीती वाटायची, पण निदान आठवण तरी होती गं."

ऊर्मिलाच्या तोंडाशी आलं होतं सगळं. पण सांगणार काय? कोच परीक्षेला जाणार की नाही, हे तिला तरी कुठे माहीत होतं? तिने आयुष्यात पहिल्यांदा जीभ आवरून फोन ठेवला आणि देवदत्तसमोर रडायला बसली. "अहो, मीच घात केला. होता तो केकही माझ्यामुळे गेला."

"आल्झो, म्हणजे थोडक्यात," देवदत्त म्हणाला, "यापुढे व्याकरणच शिकव."

दहा ऑक्टोबरला सकाळी ती इंगेला घ्यायला गेली. इंगे निळा ड्रेस घालून एकटीच दारात उभी होती.

"जाग आली तेव्हा पलंग रिकामा," ती म्हणाली. "त्याचे बूट नाहीत, शिट्टी नाही. गेला परीक्षेला. जाऊ दे, त्या पोरांशिवाय तो जगायचा नाही. चल."

 हॉलपर्यंतच्या दहा मिनिटांत ऊर्मिलाने मनातल्या मनात कोचला शेलक्या पुणेरी शिव्या घातल्या.

हॉलचं दार उघडलं आणि आतून शिट्टी वाजली.

सूट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला कोच हॉलच्या मधोमध उभा होता. सकाळी सातपासून त्याने क्लबच्या माणसांना हाताशी धरून सगळी टेबलं मांडून घेतली होती. शिस्तीत, रांगेत, एक खुर्ची वाकडी नाही. आपली चूक ऊर्मिलाच्या तेव्हा ध्यानात आली. तिने त्याला दिवस सांगितला होता, वेळ सांगितली नव्हती. शुभेच्छा घरी उठल्याउठल्या नव्हे, साठ माणसांसमोरच द्यायच्या, असं त्या बाबाने धरून ठेवलं होतं.

"डेल, तुझी परीक्षा?" इंगेने विचारलं.

"ऑगस्टमध्येच नाही म्हणून कळवलं."

"अरे, पण पुढची संधी वर्षभराने! तू बहात्तर वर्षांचा होशील. ती पोरं..."

"बघीन कुंपणाबाहेरून," तो म्हणाला.  पुरुषासारखा पुरुष, पण डोळे भरले. मग तो तिच्यासमोर ताठ उभा राहिला आणि एकही चूक न करता जर्मनमध्ये म्हणाला, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, इंगे. आज."

इंगेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ऊर्मिला तर केव्हाच हुंदके देत होती.

इंगेने डोळे पुसले, पर्स टेबलावर ठेवली आणि अगदी जर्मन बाईच्या शिस्तीत म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. हा या वर्षीचा झाला. मागचे एकेचाळीस बाकी आहेत."

लोक हसले. कोच हसला नाही. त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, तिला बसवलं, स्वतः तिच्याशेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि सुरुवात केली. "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, इंगे." पुन्हा तेच. पुन्हा तेच. आधी पाहुण्यांची पोरं मोजायला लागली, मग सगळा हॉल. कॉफी गार झाली. तिसाव्याला त्याचा घसा बसला, पस्तिसाव्याला गुडघा दुखायला लागला, तरी गडी थांबेना.

आणि इंगे एकदाही 'पुरे' म्हणाली नाही.