टाचण्यांची दोन भोकं

दारावर ‘मदतनिधी समन्वय केंद्र’ अशी भलीमोठी पाटी होती, पण आत होतं काय? एक लांबलचक टेबल, कुरकुरणारा पंखा आणि भिंतभर नकाशा. त्या नकाशाच्या मालकीणबाई म्हणजे टाचणीबाई. खरं नाव पगारापुरतं. गावावर लाल टाचणी असली की वणव्याच्या निधीतून मदत चाललीय, निळी असली की पुराच्या. आणि एका गावाला एकच टाचणी, हा कायदा बाईंनीच केलेला. मागं एका गावात घरटी ब्लँकेटांचे ढीग लागले आणि शेजारचं गाव कुडकुडत बसलं, तेव्हापासून.

त्या दिवशी आत्याचा फोन आला. बाईंना आईच्या माघारी या आत्यानंच वाढवलं होतं. डोंगराच्या पायथ्याला तिचं घर. आधी वणव्यानं छप्पर खाल्लं, मग पावसाळ्यात नदीनं उरल्यासुरल्या भिंती नेल्या. तेव्हापासून अख्खं गाव शाळेच्या हॉलमध्ये पथारी टाकून होतं.

“पोरी, पुरापासून बंद असलेली शाळा उद्या पुन्हा सुरू होतेय. हॉल रिकामा करा म्हणतायत. आमच्या घरांचं काय?”

“अगं आत्या, तुमचं काम केव्हाच मार्गी लागलंय. टाचणी बघितलीय मी या डोळ्यांनी!”

बोलता बोलता बाई नकाशापाशी गेल्या आणि बघतात तर काय! गावावर ना लाल टाचणी, ना निळी. नुसती दोन भोकं, शेजारी शेजारी.

टेबलाच्या एका टोकाला वणवा निधीचे साहेब बसायचे, दुसऱ्या टोकाला पूर निधीच्या मॅडम. बाई आधी साहेबांकडे वळल्या.

“लाल टाचणी कुठं गेली?”

“मी काढली. तुम्हीच नाही का नकाशाचा फोटो पाठवलात, एका गावावर दोन टाचण्या आहेत, बघून घ्या म्हणून? म्हटलं, पूरवाले बघतायत, तर आपण कशाला मधे तडमडा?”

“आणि मॅडम, निळी?”

“मी शिपायाला सांगून काढवली. फोटोत लाल होतीच की. नियम तुमचाच ना?”

घ्या! करायला गेलं एक आणि झालं भलतंच. दोघंही एवढे सज्जन, की ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत दोघंही दारातच राहिले आणि आत्या बसली ताटकळत.

“आता परत लावा,” बाई म्हणाल्या.

“लावली असती हो,” साहेबांनी डोकं खाजवलं, “पण जळाल्याचा पुरावा लागतो. राख कुठाय?”

“पुरात वाहून गेली!”

“मग ते नुकसान पुराचं झालं.”

“वा रे वा!” मॅडम उसळल्या. “पुराआधी घर उभं असायला हवं. बिनछपराचं कसलं घर?”

“मग वाहून काय गेलं?”

“भिंती.”

“कशाच्या भिंती?”

“घराच्या.”

“पण घर नव्हतंच म्हणालात ना!”

बाईंचं डोकं गरगरायला लागलं. साहेब बोलले की साहेबांचं खरं वाटे, मॅडम बोलल्या की मॅडमचं. आत्याचं घर जळालं म्हणायचं की बुडालं? की या दोघांच्या हिशेबात ते कधी नव्हतंच? पण त्याच घरात तर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या! त्यांना राग आला आणि रडूही आलं. शेवटी त्यांनी टेबलावर हात आपटला.

“हे बघा. छप्पर आगीनं नेलं, ते साहेबांनी द्यायचं. भिंती पाण्यानं नेल्या, त्या मॅडमनी द्यायच्या. दोन्ही टाचण्या लावा. नियम माझा, मीच मोडते!”

आश्चर्य म्हणजे दोघांनाही पटलं. साहेबांनी तिथल्या तिथं फोन करून पत्र्यांचा ट्रक सोडायला सांगितला. मॅडम म्हणाल्या, “आमचं पण पाहणी झाली की लगेच.” बाईंनी त्यातलं ‘लगेच’ तेवढं ऐकलं आणि खूश होऊन चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आत्याचा फोन. मागं वारा घोंघावत होता आणि पत्र्यांचा खडखडाट चालला होता.

“पोरी, हॉलला कुलूप लागलं. आम्ही आपापल्या जागेवर आलो. तुझे पत्रे पोचले हो. चांगले जाड आहेत.”

“आणि भिंतींचं कुणी आलं होतं का गं?”

“आला होता एक, टेप घेऊन. भिंती मोजायला आलोय म्हणाला. कुठायत विचारलं त्यानं. म्हटलं, बाबा, त्याच तर हव्यात! मग काय, गेला आल्या पावली.”

बाईंनी नकाशाकडे पाहिलं. गावावर लाल टाचणी होती, निळीही होती. दोन्ही नीट, खोलवर टोचलेल्या. कुठं चुकलं तेच त्यांना कळेना.

“ऐकतेयस ना?” आत्या म्हणाली. “एका बाजूनं पत्रा मी धरलाय, दुसऱ्या बाजूनं शेजारणीनं. पाऊस यायला लागलाय. तेवढं विचारून सांग गं, असं किती वेळ धरायचं?”